मिशिगनची त्रयी

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात १८१८ ते १८७४ हा कालखंड 'अव्वल इंग्रजी' या नावाने ओळखला जातो. पेशवाई बुडाली आणि 'निबंधमाला' निघाली, या दोन घटनांमधली ही छपन्न वर्षे. व्याकरणे, कोश, क्रमिक पुस्तके आणि भाषांतरे यांचा हा काळ. पुष्कळ दिवस इतिहासग्रंथांतून तो घाईघाईने उरकला जात असे, आणि वर्गात शिकवताना आम्हीही तो तसाच उरकलेला आहे. पुढच्या गद्याची अवजारे मात्र याच काळात घडली.

आंतरजालाचा इतिहास वाचताना आम्हांस या सवयीची वारंवार आठवण झाली. तो इतिहास सामान्यतः दोन अंकी नाटकासारखा सांगितला जातो. पहिल्या अंकात अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर १९६९ साली उभे राहिलेले आर्पानेट. दुसऱ्या अंकात १९९५ च्या सुमारास नेटस्केपसारख्या कंपन्या, शेअर बाजार आणि घराघरात पोहोचलेले इंटरनेट. मध्ये पडदा. पडदा पडलेला असताना रंगमंचावर काय हलवाहलव चालली होती याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. या मधल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतील विद्यापीठांनी आपापल्या प्रांतात, नफा न वाटणाऱ्या संस्था स्थापून, संगणकांची जाळी विणली. लष्कराच्या प्रयोगशाळेत जे सुचले ते बाजाराच्या हाती पडण्यापूर्वी या संस्थांच्या हातांतून गेले, आणि जाताना त्याचे रूप पालटले. त्यांपैकी सर्वांत जुन्या संस्थेची हकीकत येथे थोड्या विस्ताराने सांगावी असा आमचा मानस आहे.

मिशिगन राज्यात तीन मोठी सार्वजनिक विद्यापीठे. अ‍ॅन आर्बरचे मिशिगन विद्यापीठ सर्वांत जुने आणि सर्वांत मानी. त्याचा उगम १८१७ सालचा. ईस्ट लान्सिंगचे मिशिगन स्टेट हे १८५५ साली शेतकी महाविद्यालय म्हणून निघालेले. डेट्रॉइटचे वेन स्टेट हे त्या कारखानदारी शहराचे विद्यापीठ. पहिल्या दोघांचे फुटबॉलवरून असलेले वैर अमेरिकेत प्रसिद्धच आहे. शिवाय तिघांनाही पैसा एकाच विधिमंडळाकडून मिळावयाचा, म्हणजे भाऊबंदकीला आणखी एक कारण. अशा तिघांनी १९६६ च्या शरद ऋतूत एकत्र येऊन एक संस्था काढली. तिचे नाव 'मिशिगन एज्युकेशनल रिसर्च इन्फर्मेशन ट्रायड'. आद्याक्षरे जुळवून 'मेरिट'. ट्रायड म्हणजे त्रयी.

एकत्र येण्यामागे बंधुभावापेक्षा खर्चाचा विचार अधिक होता, आणि आमच्या मते तेच बरे झाले. त्या काळी संगणक म्हणजे वातानुकूलित दालन भरून टाकणारे एक अवाढव्य यंत्र. ते विकत घेण्यास किंवा भाड्याने घेण्यास लाखो डॉलर पडत, आणि प्रत्येक यंत्राला आपापली गती, आपापल्या आज्ञावली, आपापले स्वभावविशेष. एका विद्यापीठातील यंत्र एका कामात तरबेज, दुसऱ्यातील दुसऱ्या. मग प्रत्येकाने सर्व काही विकत घेण्यापेक्षा एकमेकांची यंत्रे दुरून वापरता आली तर? कल्पना इतकीच. परंतु तिच्यासाठी पैसा उभा राहावयास तीन वर्षे गेली. काही भार राज्याने उचलला, काही नॅशनल सायन्स फाउंडेशनने, म्हणजे मूलभूत संशोधनाला अर्थसाहाय्य देणाऱ्या केंद्रीय संस्थेने. १९६९ मध्ये बर्ट्रम हर्झॉग हे प्राध्यापक संचालक झाले आणि एरिक ऑपर्ले हे प्रमुख अभियंते. १९७४ साली हर्झॉग पुन्हा अध्यापनाकडे वळले तेव्हा ऑपर्ले संचालकपदी आले. एका माणसाने एका संस्थेत आयुष्य घालविण्याची ही जुनी रीत हल्ली दुर्मिळ झाली आहे.

जोडणीचे काम कागदावर वाटते तितके सरळ नव्हते. मोठ्या यंत्रांना थेट एकमेकांशी बोलता येत नव्हते. म्हणून प्रत्येकाच्या दाराशी एक लहान संगणक दुभाष्या म्हणून बसवावयाचा ठरले. जून १९७० मध्ये सेलीन या जवळच्याच गावातील एका कंपनीस असे तीन दुभाषे बनविण्याचे कंत्राट दिले गेले. प्रत्येकाच्या पोटात डिजिटल कंपनीचा पीडीपी-११ हा छोटा संगणक. तिन्हींसाठी अंदाजपत्रक होते तीन लाख डॉलरचे, आणि खर्च त्याहून थोडा कमीच आला. दुभाष्याच्या आतील आज्ञावली मेरिटच्या माणसांनी लिहिली. मोठ्या यंत्राच्या बाजूची त्या त्या विद्यापीठातील माणसांनी. श्रमाची ही विभागणी पुढे फार महत्त्वाची ठरली. मध्यभागाने काय करावयाचे आणि ज्याने त्याने आपल्या अंगणात काय करावयाचे, याची सीमा इथे प्रथम आखली गेली.

१४ डिसेंबर १९७१ रोजी अ‍ॅन आर्बर आणि डेट्रॉइट येथील यंत्रे जोडलेली लोकांस दाखविण्यात आली. ही दोन्ही आयबीएमची एकाच जातीची यंत्रे होती आणि दोन्हींवर मिशिगन विद्यापीठातच तयार झालेली कार्यप्रणाली चालत असे. म्हणजे एकाच घरातील दोन माणसांचे संभाषण. खरी परीक्षा ईस्ट लान्सिंगची होती. तेथील यंत्र कंट्रोल डेटा कंपनीचे. आयबीएमच्या यंत्राचा शब्द बत्तीस बिटांचा आणि अक्षर आठ बिटांचे. याचा शब्द साठ बिटांचा आणि अक्षर सहा बिटांचे. सहा बिटांत चौसष्टच चिन्हे मावतात, म्हणजे आकडे आणि विरामचिन्हे धरून इंग्रजीतील लहान लिपी आणि मोठी लिपी दोन्ही एकदम मावत नाहीत. एका गावची बाराखडी दुसऱ्या गावी अपुरी पडावी तसा हा प्रकार. मोडी आणि बाळबोध यांच्या लिप्यंतरात ज्यांची बोटे झिजली आहेत त्यांना यातील गंमत आणि यातना, दोन्ही सांगावयास नकोत. ऑक्टोबर १९७२ मध्ये तो तिसरा दुवाही जुळला. १५ मे १९७३ रोजी जाळ्याचे रीतसर लोकार्पण झाले. संस्था स्थापन झाल्यापासून सात वर्षे होत आली होती.

या सात वर्षांत आर्पानेट पुष्कळ पुढे गेले होते हे खरे आहे. तंत्राच्या दृष्टीने अधिक धाडसी कल्पना तेथेच जन्मल्या, आणि मेरिटच्या कौतुकाच्या भरात ते झाकण्याचे कारण नाही. पण आर्पानेटला एक कुंपण होते. संरक्षण खात्याच्या संशोधनाशी ज्यांचा करार, त्यांनाच तेथे प्रवेश. देशातील संगणकशास्त्राचे बहुतेक विभाग या कुंपणाबाहेर राहिले. म्हणून १९८१ मध्ये सायन्स फाउंडेशनच्या मदतीने सीएसनेट निघाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे सिटी विद्यापीठ आणि येल यांनी एका भाड्याच्या तारेवर बिटनेट सुरू केले आणि ते बघता बघता शेकडो महाविद्यालयांत पसरले. ज्ञानाच्या जगात आत आणि बाहेर अशी जी रेघ ओढली गेली होती ती पुसण्याचा हा उद्योग होता. मेरिटने ती रेघ निदान आपल्या राज्यापुरती दहा वर्षे आधीच पुसली होती. १९७८ साली वेस्टर्न मिशिगन हे विद्यापीठ चौथे सदस्य झाले. त्रयीत चौथा आल्यावर नावाचा अर्थ उडाला. तेव्हापासून ती आद्याक्षरे उरली नाहीत, मेरिट हे एक साधे नाव झाले.

आता हकीकतीच्या दाट भागाकडे वळू. १९८५ साली सायन्स फाउंडेशनपुढे एक अडचण होती. देशात पाच-सहा ठिकाणी महासंगणक बसविले जात होते. पण ते सर्व विद्यापीठांतील संशोधकांपर्यंत कसे पोहोचवावयाचे? डब्लिनहून आलेले डेनिस जेनिंग्ज हे त्या वर्षी या कामावर होते. त्यांच्या काळात दोन निर्णय झाले. एक, आर्पानेटच्या संशोधनातून आलेली टीसीपी/आयपी ही संभाषणपद्धतीच सर्वांनी वापरावयाची. दोन, जाळे तीन पायऱ्यांचे असावे: खाली विद्यापीठाच्या आवारातील जाळे, मध्ये प्रदेशाचे जाळे, आणि वर महासंगणकांना जोडणारा राष्ट्रीय कणा. दिल्लीसारख्या एका केंद्रातून प्रत्येक महाविद्यालयाला तार ओढण्याचा विचार कोणी केला नाही. मधली पायरी प्रदेशातील विद्यापीठांनीच उभारावी, सुरुवातीचे भांडवल फाउंडेशन देईल, पुढे त्यांनी आपले आपण पाहावे, असा बेत.

मग अक्षरशः चार-पाच वर्षांत ही मधली पायरी देशभर बांधली गेली. न्यूयॉर्क राज्यात नायसरनेट, आग्नेयेकडील विद्यापीठांचे सुरानेट, सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीचे बारनेट, मध्यपश्चिमेतील मिडनेट, रॉकी पर्वतराजीतील वेस्टनेट, बोस्टनच्या परिसरातील निअरनेट. टेक्ससमधल्या जाळ्याचे नाव सेस्क्विनेट, कारण ते निघाले तेव्हा त्या प्रदेशाच्या स्वातंत्र्यघोषणेला दीडशे वर्षे होत होती. नावांतूनच या संस्थांचे प्रादेशिक अभिमान कळतात. बहुतेकींची घडण सारखीच: सदस्य विद्यापीठांचे प्रतिनिधी कारभार पाहणार, वर्गणी सदस्यांकडून, शिल्लक उरली तर ती तारांत घालावयाची.

सुरुवातीचा कणा अगदी कृश होता. १९८६ साली सहा ठिकाणांना जोडणारी त्याची गती सेकंदाला ५६ हजार बिट. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधला एक प्रसंग सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. बर्कली येथील विद्यापीठ आणि तेथील टेकडीवरची लॉरेन्स प्रयोगशाळा यांत अंतर फक्त चारशे यार्डांचे. त्या दोहोंमधील वाहतूक सेकंदाला ३२ हजार बिटांवरून घसरून चाळीस बिटांवर आली. चाळीस हजार नव्हे, नुसते चाळीस. रस्ता तुंबला की प्रत्येक यंत्र आपले पॅकेट हरवले असे समजून ते पुन्हा पाठवी. त्याने रस्ता आणखी तुंबे. व्हॅन जेकबसन यांनी या कोंडीचा अभ्यास करून १९८८ मध्ये जो उपाय प्रसिद्ध केला तो असा, की पाठविणाऱ्याने हळू सुरुवात करावी, आणि पॅकेट हरवले तर घाई न करता आपला वेग निम्म्यावर आणावा. कोणी पोलीस नेमला गेला नाही. यंत्रांच्या आज्ञावलीत संयम लिहिला गेला आणि तो सर्वांनी आपण होऊन स्वीकारला. मोठे हुंदके देऊन हा प्रसंग कोणी सांगत नाही, पण सामायिक वस्तूचा वापर कसा करावा याविषयी इतका स्वच्छ दाखला आमच्या पाहण्यात नाही. आजही आपण पत्र पाठवितो तेव्हा हा संयम, पुढे पुष्कळ बदललेल्या रूपात का होईना, पाळला जात असतो.

कणा वाढविणे भागच होते. २४ नोव्हेंबर १९८७ रोजी फाउंडेशनने जाहीर केले की हे काम मेरिटला दिले आहे. सोबत आयबीएम आणि एमसीआय ही दूरध्वनी कंपनी; शिवाय मिशिगन राज्याचा हातभार. एका राज्यातील विद्यापीठांच्या संस्थेकडे साऱ्या राष्ट्राचे जाळे आले, आणि ते तिच्याकडे येण्याचे एक कारण असे की दोन दशके परस्परांवर रुसणाऱ्या विद्यापीठांना एका तारेवर चालविण्याचा अनुभव दुसऱ्या कोणाकडे नव्हता. हे आमचे अनुमान आहे, पण त्या काळची कागदपत्रे वाचताना ते आम्हांस अधिकच पटत गेले. जुलै १९८८ मध्ये तेरा ठिकाणांना जोडणारा नवा कणा सुरू झाला. त्याच्या तारा सेकंदाला पंधरा लाख बिटांच्या, म्हणजे आधीच्या चोवीसपटींहून अधिक क्षमतेच्या. प्रत्येक ठिकाणी नऊ छोटे आयबीएम संगणक एकत्र बांधून एक नाके उभारले होते, आणि अ‍ॅन आर्बरमध्ये चोवीस तास जागे असलेले नियंत्रणकेंद्र. ऑगस्ट १९८८ मध्ये महिन्याला साडेएकोणीस कोटी पॅकेट या कण्यावरून गेली. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुमारे चोवीस अब्ज. १९९० साली आर्पानेट बंद झाले तेव्हा त्याची उणीव कोणाला भासली नाही, कारण वाहतूक आधीच या बाजूला वळली होती.

त्याच १९९० साली या कण्याशी जोडल्या गेलेल्या देशांच्या यादीत भारताचे नाव आहे. आपल्याकडे १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट सुरू केले होते. पहिल्या यादीत पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, तो विभाग स्वतः, आणि मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी. या केंद्राचे प्रमुख श्रीनिवासन रमणी. २०१४ साली इंटरनेट सोसायटीने त्यांचा गौरव केला तो याच कामासाठी. परदेशी जाणारे दार जुहूत होते. तेथून तार व्हर्जिनियातील यूयूनेटपर्यंत जाई, आणि १९९२ साली तिची गती सेकंदाला ६४ हजार बिटांची झाली. पवईहून अमेरिकेतील एखाद्या प्राध्यापकाला लिहिलेले पत्र जुहूवरून समुद्रापार गेले की पुढची वाट पुष्कळदा अ‍ॅन आर्बरहून राखली जाणारी असे. यूयूनेटची कथाही थोडी बोलकी आहे: १९८७ साली रिक अ‍ॅडम्स यांनी ती यूज्निक्स या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचे कर्ज घेऊन ना-नफा संस्था म्हणून काढली, आणि थोड्याच वर्षांत ती नफ्याची कंपनी झाली.

पण दोन्हीकडच्या घडणीत एक फरक होता आणि तो सांगणे आम्हांस प्राप्त आहे. मिशिगनमध्ये जाळे विद्यापीठांच्या आपसांतील करारातून उगवले. आपल्याकडे ते एका सरकारी विभागातून खाली उतरले. पहिल्या यादीत महाराष्ट्रातील दोन संस्था आहेत आणि दोन्ही मुंबईतल्या, दोन्ही केंद्राच्या. मुंबई, पुणे, नागपूर, मराठवाडा, शिवाजी ही विद्यापीठे तीत नाहीत. या विद्यापीठांनी एकत्र बसून आपले एखादे जाळे विणावे, वर्गणी काढावी, दोन अभियंते नेमावेत, असे घडले नाही. पैसा नव्हता हे उत्तर पुरेसे नाही; १९६६ साली मिशिगनलाही तो नव्हता. आमची विद्यापीठे एकमेकांशी बोलत ती वरच्या कार्यालयामार्फत. ही सवय तारेपेक्षा जुनी होती. पुढे २००२ च्या अखेरीस यूजीसी-इन्फोनेट आले, २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी मिळाली. दोन्ही उपयोगी, दोन्ही दिल्लीहून आलेली. आणि सामान्य माणसाला इंटरनेट प्रथम भेटले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमचा ग्राहक म्हणून. मधल्या पायरीची आठवण आपल्याकडे नाही याचे एक कारण हेच असावे, की ती पायरी आपण चढलोच नाही.

अमेरिकेकडे पुन्हा येतो, कारण तेथे ती पायरी कशी मोडली हा भाग अजून राहिला आहे.

फाउंडेशनच्या धोरणात एक विसंगती पहिल्या दिवसापासून होती. कण्यावरून फक्त संशोधन आणि शिक्षण यांचीच वाहतूक जावी, असा दंडक. उलट प्रादेशिक जाळ्यांना मात्र सांगितले होते की स्वतःच्या पायावर उभे राहा, त्यासाठी कंपन्यांनाही ग्राहक करा, म्हणजे खर्च वाटला जाऊन महाविद्यालयांची वर्गणी उतरेल. आता न्यूयॉर्कमधील एक कंपनी आणि कॅलिफोर्नियातील दुसरी, दोघीही आपापल्या प्रादेशिक जाळ्याच्या रीतसर ग्राहक. पण एकीचे पत्र दुसरीला जावयाचे तर वाटेत कणा, आणि तेथे व्यापाराला बंदी. पॅकेटच्या कपाळावर तो धंद्याचा की विद्येचा हे लिहिलेले नसते. नियम पाळला जाणे अशक्य होते आणि मोडणे लाजिरवाणे.

१९८९ मध्ये नायसरनेटचा कारभार पाहणाऱ्या दोघांनी, विल्यम श्रेडर आणि मार्टिन शॉफस्टॉल यांनी, पीएसआयनेट ही कंपनी काढली आणि त्या जाळ्याचे चालन तिच्याकडे गेले. सप्टेंबर १९९० मध्ये मेरिट, आयबीएम आणि एमसीआय यांनी मिळून एएनएस ही नवी ना-नफा संस्था काढली आणि कण्याचे अभियांत्रिकी काम तिच्याकडे दिले. पुढच्याच वर्षी एएनएसने नफा कमावणारी एक उपसंस्था जन्माला घातली. म्हणजे त्याच तारांवरून सरकारी पैशाची शैक्षणिक वाहतूकही जाणार आणि विकलेली व्यापारी वाहतूकही. इतर कंपन्या खवळल्या. पीएसआयनेट, यूयूनेट आणि कॅलिफोर्नियाचे सर्फनेट यांनी १९९१ मध्ये आपसांत वाहतुकीची देवाणघेवाण करण्यासाठी वेगळा नाका उभारला. १९९२ च्या मार्चमध्ये काँग्रेसच्या समितीपुढे साक्षी झाल्या. त्याच वर्षी रिक बाउचर यांच्या पुढाकाराने कायदा बदलून कण्यावरची बंदी सैल करण्यात आली. १९९३ मध्ये फाउंडेशनच्या महानिरीक्षकांनी सारा व्यवहार तपासला.

या प्रकरणात मेरिटची बाजू घेणे आम्हांस जड जाते. एएनएसच्या बाजूने असे म्हणता येते की सेकंदाला साडेचार कोटी बिटांच्या नव्या कण्याचा खर्च सरकारी अनुदानात बसणारा नव्हता, आणि व्यापाऱ्यांच्या पैशातून विद्येचा रस्ता रुंद होत असेल तर बिघडले काय. परंतु ज्या संस्थेची सारी पुण्याई समान वागणुकीवर उभी होती तिनेच नाक्यावर स्वतःचे दुकान मांडावे, हे बरे दिसले नाही. प्रतिस्पर्ध्यांचा त्रागा निव्वळ मत्सरातून आलेला होता असे आम्ही म्हणणार नाही. तो मत्सर होताच. पण मुद्दाही होता. ना-नफा हा शब्द संस्थेच्या घटनेत लिहिलेला असला म्हणजे तिच्या प्रत्येक कृतीला लागू होतोच असे नाही, हे या तीन वर्षांत दिसून आले.

यापुढची घसरण वेगाने झाली. एएनएसचा जाळ्याचा व्यवसाय अमेरिका ऑनलाइन कंपनीला साडेतीन कोटी डॉलरला विकला गेला. निअरनेट, बारनेट, सुरानेट ही तिन्ही बीबीएन या बोस्टनच्या कंपनीकडे गेली. बीबीएन १९९७ मध्ये जीटीई या दूरध्वनी कंपनीकडे. तिची इंटरनेट शाखा पुढे वेगळी होऊन २००२ साली दिवाळखोरीत निघाली. पीएसआयनेटचे दिवाळे त्याआधी एक वर्ष, २००१ मध्ये वाजले. नायसरनेट मात्र टिकून राहिले. ३० एप्रिल १९९५ रोजी फाउंडेशनचा कणा बंद करण्यात आला. तोवर पन्नास हजारांवर जाळी त्याला जोडलेली होती. त्यानंतर प्रादेशिक संस्थांनी आपली राष्ट्रीय जोडणी कंपन्यांकडून विकत घ्यावयाची, असे ठरले.

आणि मग जे झाले त्याला काय म्हणावे हे वाचकांनीच ठरवावे. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, चौतीस विद्यापीठांनी एकत्र येऊन इंटरनेट-२ हा प्रकल्प हाती घेतला, कारण बाजारातून मिळणारी जोडणी संशोधनास पुरेनाशी झाली होती. त्याचे प्रमुख झाले डग्लस व्हॅन हाउवेलिंग. कण्याच्या काळात मेरिटच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष तेच होते, आणि नव्या संस्थेचे मुख्य कार्यालयही अ‍ॅन आर्बरमध्येच थाटले गेले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने पुन्हा विणावयास घेणे ते एवढेच.

मेरिट स्वतः मात्र विकली गेली नाही. ती मिशिगनच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या मालकीची राहिली. भागभांडवल घेऊन येणाऱ्यास विकता येईल असे तिच्यात काही नव्हते, एवढे सोपे हे कारण असू शकेल. कण्याच्या काळात प्रादेशिक जाळ्यांच्या अभियंत्यांच्या ज्या बैठका ती भरवीत असे त्यांतूनच १९९४ साली नॅनॉग ही जाळे चालविणाऱ्यांची संघटना निघाली. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अभियंते एका खोलीत बसून एकमेकांच्या चुका सांगतात अशा जागा जगात थोड्या आहेत, त्यांपैकी ही एक. एरिक ऑपर्ले यांनी या संस्थेत काढलेली वर्षे मोजली तर तिच्या पहिल्या तारेपासून कण्याच्या अखेरीपर्यंतचा सारा काळ त्यांत मावतो.

२०१० साली अमेरिकी सरकारने मंदीवर उतारा म्हणून ग्रामीण जाळ्यांसाठी पैसा सोडला, तेव्हा मेरिटने दोन वेळा अर्ज करून दोन्ही वेळा तो मिळविला, आणि दोन हजारांहून अधिक मैल काचतंतूच्या तारा घातल्या. त्यांतील मोठा भाग राज्याच्या उत्तरेकडील द्वीपकल्पात. जंगल, जुन्या तांब्याच्या आणि लोखंडाच्या खाणी, विरळ वस्ती आणि दीर्घ हिवाळा यांच्या या मुलखात शाळा, ग्रंथालये आणि दवाखाने जोडावयाचे होते. खांब रोवून घरापर्यंत तार नेणे हे स्थानिक कंपन्यांचे काम; दूरच्या महानगरातील कणा आणि गावाची वेस यांमधला तुकडा तेवढा मेरिटने बांधावयाचा. प्रकल्पाचे नाव लांबलचक आहे, पण त्याच्या शेवटी एक संज्ञा येते. या धंद्यात त्या तुकड्याला 'मधला मैल' म्हणतात.